चमत्काराची चटक

परभणीच्या माणसाला गावाबाहेर कोठेही गेले तरी एक वाक्य चुकत नाही. नाव-गाव विचारून झाले, की समोरचा हसून म्हणतो, "असे का! जगात जर्मनी आणि भारतात परभणी!" ही म्हण कोणी काढली, आणि तीत कौतुक किती व कुचेष्टा किती, याचा निवाडा आजवर झालेला नाही. दुसरी एक म्हण निजामी अमलातली सांगतात : "बनी तो बनी, नहीं तो परभनी." इतरत्र कोठे जमले तर ठीक, नाही तर परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. तीत कौतुकाचा अंश शोधूनही सापडायचा नाही. आम्ही परभणीकर मात्र दोन्ही म्हणी सारख्याच उत्साहाने सांगत असतो.

पहिली म्हण मला गेल्या दिवाळीत माझ्याच घरात ऐकावी लागली. आमचे एक जुने स्नेही दर पाडव्याला सहकुटुंब जेवायला येतात. गृहस्थ अभियंता म्हणून निवृत्त झालेले, वाचन दांडगे, आणि हाती मोबाइल आल्यापासून तर जगातला कोणताही शोध त्यांच्या नजरेतून सुटत नाही. चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता त्यांनी सुरुवात केली. जर्मनीत म्हणे भिंतीला लावायचा असा रंग निघाला आहे, की पाऊस पडला की भिंत आपोआप धुऊन निघते. आणि ही युक्ती त्यांनी कमळाच्या पानापासून उचलली! जपानात आगगाडीला खंड्या पक्ष्याची चोच बसवली! कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा, शार्कच्या कातडीसारखे कापड, सदाफुलीतून कर्करोगाचे औषध… फराळाची बशी रिकामी होईपर्यंत त्यांनी निम्मी सृष्टी कारखान्याच्या दारात नेऊन उभी केली. मग हात पुसत म्हणाले, "नाही तर आपले पाहा, गुरुजी. एवढे हजारो एकरांचे कृषी विद्यापीठ गावात आहे. पन्नास वर्षांत एक तरी चमत्कार करून दाखवला का त्यांनी? जगात जर्मनी म्हणायचे, आणि इकडे बसायचे गवत उपटीत!"

त्यावर त्या दिवशी आमचे जे बोलणे झाले ते घासागणिक तुटत होते. पाहुण्यांशी जेवताना वाद घालू नये असा आमच्या घरातला दंडक आहे, आणि तो मी निम्माच पाळला. राहिलेले निम्मे येथे लिहितो.

माझे भांडण जर्मनीशी नाही, जपानशी नाही, आणि स्नेह्यांच्या वाचनाशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते एका क्रियापदाशी. आपल्या भाषेत शोध 'लागतो'. ठेच लागते, उचकी लागते, लॉटरी लागते, तसाच शोधही लागतो. कोणी एक विद्वान वाटेने चालला होता, आणि त्याला शोध लागला! मग वर्तमानपत्रात चौकट येते, आपण ती वाचतो, तोंडात बोट घालतो, आणि विषय संपतो. शोधाच्या आधीची वीस वर्षे आपल्याला दिसत नाहीत आणि नंतरची वीस वर्षे पाहण्याची आपल्याला गरज वाटत नाही. संशोधनाकडे आपण आरास पाहावी तसे पाहतो. दिवे लागले की टाळ्या. दुसऱ्या दिवशी पणत्या पालथ्या.

त्या जर्मन भिंतीचेच घ्या. व्हिल्हेल्म बार्थलॉट नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १९७० नंतरच्या दशकात निरनिराळ्या झाडांची पाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. भिंतीचा आणि रंगाचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. पाने पाहून झाडांची कुळे लावणे हे त्यांचे काम. पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी त्यावरची धूळ काढावी लागते. काही पाने घासूनपुसून घ्यावी लागत. काही मात्र मुळातच स्वच्छ असत. कमळाचे पान त्यांतले. 'हे का?' असा प्रश्न त्यांना पडला. त्या पानावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो, आणि जाताना धूळ उचलून नेतो. हे सारे नीट मांडणारा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि रंग बाजारात आला तो १९९९ साली. म्हणजे पाने पुसण्यापासून रंगाच्या डब्यापर्यंत वीस-पंचवीस वर्षे! आमच्या स्नेह्यांच्या भाषेत सांगायचे, तर इतकी वर्षे तो जर्मन मनुष्य गवतच उपटीत बसला होता.

येथे एक दुसरा वर्ग हटकून उठून उभा राहतो. तो म्हणतो, यात नवे काय? कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही हे आमच्या गीतेत आहे. आहे, खरेच आहे. पाचव्या अध्यायात हा दृष्टान्त आलेला आहे आणि तो सुंदर आहे. पण त्या पानाचा उपयोग आपण अनासक्ती शिकवण्यासाठी केला. पान तसे का आहे, हे कोणी खाली वाकून पाहिले नाही. अळूच्या वड्या करताना आमच्या घरोघरच्या बायका तोच चमत्कार शेकडो वर्षे नळाखाली, आणि त्याआधी आडाच्या पाण्याखाली, पाहत आल्या आहेत. पाहणे आणि विचारणे यांत जे अंतर आहे, त्याला संशोधन म्हणतात. ते अंतर तोडण्याचे श्रेय पूर्वजांच्या नावावर जमा करून आपण पूर्वजांचा मान वाढवीत नाही. आपला आळस तेवढा झाकतो.

सदाफुलीची गोष्टही अशीच. मूळची मादागास्करची ही वनस्पती आज आपल्या प्रत्येक अंगणात, प्रत्येक उकिरड्याच्या कडेला फुलते. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो असा निरनिराळ्या देशांत समज होता. कॅनडातले नोबल आणि बिअर हे दोघे तो समज पारखायला बसले. उंदरांच्या रक्तातली साखर काही उतरली नाही. पण पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. या दोघांनी पांढऱ्या पेशींचा माग काढला आणि १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टिन निघाले, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. लोकांचा समज खोटा ठरला, म्हणून औषध सापडले! ज्यांना सगळे आधीच ठाऊक असते, त्यांना हे कधी सापडले नसते.

जपानी खंड्याबद्दल मी फार लिहीत नाही. एइजी नाकात्सु हे अभियंते पक्षिनिरीक्षणाचे शौकीन होते. बोगद्यातून सुसाट बाहेर पडणारी गाडी तोफेसारखा आवाज करी, आणि हवेतून पाण्यात सूर मारताना खंड्या पाणी फारसे उडवीत नाही, हे त्यांना ठाऊक होते. १९९७ मध्ये त्या नाकाची गाडी धावू लागली. गंगाखेडच्या घाटावर खंड्या रोज तोच सूर मारतो. आमच्या अभियंता स्नेह्यांनी तो किती वेळा पाहिला आहे, हे मी त्यांना विचारले. त्यांनी शंकरपाळे उचलले.

आता परभणीकडे येतो; कारण खरा वाद तेथेच आहे.

त्या दिवशी जेवणात भेंडीची भाजी होती. स्नेह्यांनी ती दोनदा मागून घेतली. मी म्हणालो, "इंजिनिअरसाहेब, तुमच्या पानात चमत्कार वाढलेला आहे, फक्त त्याची चौकट तुमच्या वाचनात आली नाही."

भेंडीवर 'केवडा' नावाचा रोग येतो. नाव मोठे सुगंधी. रोग मात्र असा, की पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते, फळ निबर आणि फिके निघते, आणि बाजारात त्याला कोणी हात लावीत नाही. १९२४ साली मुंबई इलाख्यातून या रोगाची पहिली नोंद झाली. तो विषाणूचा रोग आहे. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणूवर औषध नाही. माशा मारीत बसावे, तर हा वाक्प्रचार आपल्याकडे कोणत्या अर्थाने वापरतात हे वाचकांना ठाऊकच आहे. १९६० च्या सुमारास दिल्लीहून 'पुसा सावनी' हे वाण आले. काही वर्षे ते टिकले. मग त्यावरही केवडा दिसू लागला.

तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात ना. दे. किंवा यो. शं. अशा आद्याक्षरांच्या जंजाळात न शिरता सांगायचे, तर जांभळे आणि नेरकर या दोन शास्त्रज्ञांनी भेंडीचे स्थळ तिच्या दूरच्या नात्यात पाहायला घेतले. अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट ही रानभेंडीच्या जातकुळीतली एक वनस्पती. तिच्यावर केवडा टिकत नाही. पण रानटी सोयरिकीत अडचणी पुष्कळ : अशा संकराची संतती बहुधा वांझ निघते, आणि निघालीच तर भाजीच्या कामाची नसते. म्हणून ती पुन्हा भेंडीशी जोडायची, तिची पिले पुन्हा पारखायची. ज्यांनी हे काम पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची. चिमट्याने तिच्यातले पुंकेसर एकेक करून काढायचे. कळीवर कागदी पिशवी बांधायची. सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिच्यावर लावायचे. दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. असे एका कळीचे. मग हजारो झाडे केवड्याच्या ऐन मोसमात मुद्दाम रोगाच्या तोंडी द्यायची, आणि त्यांतून हिरवी राहतील तेवढीच ठेवायची. असे पिढ्यान्‌पिढ्या. या दोघांचा आनुवंशिकतेवरचा निबंध १९८१ मध्ये परदेशी नियतकालिकात आला : रोगाला दाद न देण्याचा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे, असा त्याचा निष्कर्ष. वाण १९८५ मध्ये बाहेर पडले. त्याचे नाव 'परभणी क्रांती'. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बागायतशास्त्राच्या नियतकालिकात त्याची वार्ता छापून आली, आणि हे नाव देशभरच्या भाजीवाल्यांच्या शेतात गेले.

"मग हे आम्हाला कोणी सांगितले का नाही?" स्नेही म्हणाले. प्रश्न रास्त होता. पण मी पुढची हकीकत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा खुलला. पुढची हकीकत अशी, की आज परभणी क्रांतीवरही पुष्कळ ठिकाणी केवडा येतो.

"म्हणजे फसलेच की शेवटी!"

येथेच, वाचकहो, चमत्काराची चटक लागलेल्या मनाचे खरे रूप दिसते. या मनाला एकदाच घ्यायचे औषध हवे, एकदाच पेरायचे बियाणे हवे, एकदाच लागणारा शोध हवा. आमच्या मराठवाड्यात माळवदाची घरे होती. अजून काही उभी आहेत. माळवद एकदा घातले आणि नातवापर्यंत पुरले, असे कोणाच्या घरी झाले आहे? दरसाल मृगापूर्वी वर चढून माती टाकावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात, पन्हाळी साफ करावी लागते. एक वर्ष आळस केला की आषाढात देवघरात घमेले ठेवावे लागते. म्हणून काय माळवद घालणारा गवंडी फसला? विषाणू हा जिवंत पाऊस आहे. तो बदलतो, दुसऱ्या विषाणूशी मिसळतो, नव्या वाटेने झिरपतो. एका जनुकाचे कुलूप त्याने कधी ना कधी उघडायचेच. प्रश्न इतकाच, की आपण दुसरे कुलूप घडवीत होतो की नाही. आणि ते घडवणाऱ्या लोहाराला आपण भट्टीवर ठेवले की घरी पाठवले. शास्त्रज्ञ निवृत्त होतो, त्याची जागा भरायची राहते, प्रयोगाचे वाफे पडीक राहतात, आणि वीस वर्षांनी आपण विचारतो : विद्यापीठाने काय केले?

कापसाने तर ही गोष्ट आम्हाला रडवून शिकवली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातलेले. बोंडअळीने पान खाल्ले की मेली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. मानवत, सेलूच्या बाजारांत पांढऱ्या ढिगांकडे पाहून जो तो म्हणू लागला, की आता बोंडअळी इतिहासजमा झाली. प्रत्येक पिशवीत मुख्य बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचे एक वेगळे पाकीट येई. त्यात साधी, बिगर-बीटी सरकी. ती शेताच्या कडेने लावायची होती. कारण त्या झाडांवर थोड्या अळ्या सुखाने वाढाव्यात, त्यांच्या पतंगांनी विषाला पचवणाऱ्या पतंगांशी संग करावा, आणि विष पचवणाऱ्यांचे कूळ वाढू नये. योजना शहाणपणाची होती. पण 'अळीसाठी शेत सोडा' हे शेतकऱ्याला पटवून द्यायला कोण आले होते? पिशवीवर बारीक अक्षरात छापले की काम झाले, असे सांगणाऱ्यांना वाटले. आणि न वाचता फेकले की काम झाले, असे आम्हाला. आमच्या घरची ती पाकिटे गोठ्याच्या कोनाड्यात पडून होती, हे मी कबूल करतो. मी मास्तर मनुष्य. दुसऱ्यांची मुले वाचती केली, आणि घरच्या पिशवीवरचे वाचले नाही. गुजरातेत २०१० मध्येच गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला जुमानणे सोडल्याचे जाहीर झाले होते. २०१७ च्या हंगामात ती आमच्या दोन जनुकांच्या कापसातही शिरली. डोमकळ्या दिसू लागल्या; बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. त्या वर्षी उभ्या कापसात लोकांनी नांगर घातले.

आणि याच सगळ्या काळात, परभणीच्या मेहबूब बाग प्रक्षेत्रावर कोणी तरी देशी कापसावर काम करीत होते. निजामी काळापासून हा मुलूख गावरानी कापसाचा. देशी कापूस कोरडवाहूत तग धरतो, रसशोषक किडींना सहज बळी पडत नाही. त्याचे वैगुण्य हे, की बोंड लहान आणि धागा आखूड. परभणीकरांनी त्याचा धागा लांबवण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले, आणि 'पीए' मालिकेतली एकामागून एक वाणे काढली. एकाचे नाव 'परभणी तुराब'. तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या गावाला ते नाव समजावून सांगावे लागत नाही. मी असे म्हणत नाही, की साऱ्यांनी देशी कापूस लावला असता तर सारे सुखी झाले असते. तसे म्हणणे हीसुद्धा चमत्काराचीच चटक. ओलिताच्या, भारी जमिनीत संकरित कापूस जास्त उतरतो, हे कोणीही सांगेल. माझे म्हणणे एवढेच, की हलक्या जमिनीच्या माणसाला दुसरा पर्याय आहे हे त्याला कळायला हवे होते, आणि तो पर्याय पिशवीत भरून मे महिन्यात त्याच्या हाती पडायला हवा होता. एका वाणावर सारा जिल्हा पणाला लावणे हे विज्ञान नव्हे. तो जुगार आहे, आणि जुगार दिवाळीच्या एका रात्रीपुरताच ठीक.

आता भाकरीकडे वळतो. हे मी शेवटी ठेवले, कारण या दिवाळी अंकाच्या निम्म्याहून अधिक वाचक स्त्रिया असतील, आणि गोष्ट त्यांच्या रक्ताची आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची एक सरकारी मोजणी होते. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. कमी नव्हे, जास्त! रस्ते झाले, मोबाइल झाले, आणि रक्त उतरले. आता याच दोन पाहण्यांच्या मधल्या काळात, २०१८ साली, परभणीच्या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्याने ज्वारीचे एक वाण बाहेर काढले. नाव 'परभणी शक्ती'. लोह आणि जस्त वाढवलेली ही देशातली पहिली ज्वारी. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, हिच्यात ४५. जस्त २० च्या ठिकाणी ३२. प्रथिने सुमारे बारा टक्के. शिवाय लोहाला आतड्यात अडवून धरणारे फायटेट नावाचे द्रव्य हिच्यात कमी. हिशेब सोपा आहे. दिवसाकाठी ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या बाईला साध्या ज्वारीतून ९ मिलिग्रॅम लोह मिळते, हिच्यातून साडेतेरा. त्यातले थोडेच अंगी लागते, हे खरे. आणि नुसत्या भाकरीने रक्तक्षय बरा होईल, असे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गोळ्या घ्याव्या लागतीलच. पण गोळीचा डबा फळीवर राहतो आणि भाकरी रोज तव्यावर पडते, एवढा फरक आहे.

ही नुसती कल्पना नव्हे. अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी दिवसातून दोनदा देऊन एक रीतसर परीक्षा झाली. तिचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिन्यांत त्या मुलांच्या अंगातला लोहाचा साठा साध्या बाजरीच्या भाकरी खाणाऱ्या मुलांपेक्षा वाढलेला दिसला. ही बाजरीची गोष्ट. माझी मागणी अशी, की परभणीच्या ज्वारीची अशीच परीक्षा परभणीच्याच वसतिगृहांत व्हावी. गावात कृषी विद्यापीठ आहे, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकाकडे धान्य आहे, दुसऱ्याकडे रक्त तपासण्याची नळी. मध्ये फार तर रिक्षाचे भाडे आहे.

"म्हणजे आपली पोरे काय उंदीर?" स्नेही उसळून म्हणाले.

उंदीर नव्हेत, म्हणूनच. ती पोरे भाकरी खाणारच आहेत. मोजून खाल्ली तर कळेल, न मोजता खाल्ली तर नुसतेच पोट भरेल.

आता ही ज्वारी ताटात का येत नाही, याचे कारण शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मोंढ्यात जाऊन उभे राहिले की पुरते. आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, उन्हात धरतो, आणि पांढरेपणा व चकाकी पाहून भाव सांगतो. लोह डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा भाव मिळत नाही. ज्याचा भाव मिळत नाही ते कोण पेरणार? आधीच ज्वारीच्या मागे पाखरे आहेत, काढणीला माणूस मिळत नाही, खरिपाची पावसात सापडली तर काळी पडते. शेतकऱ्याने सोयाबीन पेरले यात त्याचा दोष नाही. येथे गिऱ्हाईक एकच असू शकते, आणि ते म्हणजे सरकार. अंगणवाडीचा आहार सरकार विकत घेते, शाळेची खिचडी सरकार शिजवते. त्यात ही ज्वारी लोहाचा भाव देऊन घ्या, म्हणजे पेरणारे आपोआप येतील. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. प्रदर्शने झाली, ज्वारीचे केक कापले गेले, त्यांची छायाचित्रे निघाली. केक कापायला माझी हरकत नाही. पण ज्वारीला केकची नव्हे, काट्याची गरज होती, वजनाच्या काट्याची.

विद्यापीठात हल्ली यंत्रमानव आणि ड्रोन यांवरही काम चालते. स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. मला त्यांचा हेवा वाटला. कारण ते डोळे ज्वारीच्या वेळी चमकले नव्हते. यंत्रेही हवीत, फवारणाऱ्याच्या नाकातोंडात विष जाण्यापेक्षा ते काम यंत्राने केलेले केव्हाही चांगले. पण जे उडते त्याच्याकडे आपण मान वर करून पाहतो आणि जे उगवते त्याच्याकडे पाहायला वाकावे लागते, एवढ्यासाठी दुसऱ्याची किंमत कमी होऊ नये.

आणि 'विद्यापीठाने काय केले' असे विचारणाऱ्यांनी १८ मे रोजी सकाळी तेथे जावे. १९७२ साली त्याच तारखेला विद्यापीठाची स्थापना झाली. दरवर्षी त्या दिवशी खरिपाचा मेळावा भरतो आणि बियाणे विक्रीला निघते. वैशाखातल्या त्या उन्हात, डोक्याला उपरणे गुंडाळून, बियाण्याच्या एका पिशवीसाठी लोक रांगेत उभे असतात. १७ सप्टेंबरला रब्बीसाठी पुन्हा तेच. ज्यांना चमत्काराची गरज नाही, कामाच्या बियाण्याची आहे, त्यांची ती रांग आहे. पिशव्या संपतात आणि रांग संपत नाही, अशी वेळ त्यांच्यावर येऊ नये, हे पाहण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न मी मतदारांवर सोपवतो.

त्या दिवशी मी हे सारे इतक्या नीटपणे बोललो, असे नव्हे. मधे भात आला, मधे बासुंदी आली. विडा लावता लावता स्नेही थोडे नरमले आणि म्हणाले, "गुरुजी, ती शक्ती ज्वारी मात्र एकदा खाऊन पाहिली पाहिजे."

आमची सौभाग्यवती इतका वेळ वाढीत होती. ती ताक घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊजी, मीही तेच विचारणार होते. ती मिळते कुठे?"

मी म्हणालो, "बियाण्याची चौकशी विद्यापीठात करता येईल. पुढच्या मे महिन्यात…"

"अहो, मला पेरायला नको आहे," ती म्हणाली. "दळायला हवी आहे."